सुमनच्या नावाचं हाड

पितृपंधरवड्यात शहाणी माणसं ऑपरेशन करून घेत नाहीत, म्हणून मला पाहिजे ती तारीख मिळाली. एरवी लातुरात गुडघ्याच्या डॉक्टरकडं नंबर लागता लागत नाही. या दिवसांत मात्र बाकडी रिकामी, पंखे उगीच फिरून राहिलेत, आणि नोंदणीच्या खिडकीतली पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पितर पाळत नाही का?" मी म्हटलं, "पाळते. म्हणून तर नवमीनंतरची तारीख मागतेय." त्यांना काही उमगलं नाही. तरुण आहेत, आईबाप दोघं धडधाकट असतील.

गणपती गेले की हे गाव एकदम उतरून जातं. मांडवांचे बांबू रस्त्याकडेला पडलेले, गटारीच्या कडेला गुलाल चिकटलेला, आणि अडतीत नव्या सोयाबीनची पहिली पोती यायला लागलेली. मी राहते त्या गल्लीत खाली क्लास, वर क्लास, मध्ये मी. पलीकडच्या खोल्यांतल्या पोरी जिन्यात फेऱ्या मारत पाठांतर करतात. फीमर, टिबिया, फिब्युला. आमच्या काळात पोरी पाढे म्हणायच्या, या हाडं म्हणतात. त्यातली प्राची धर्माबादची, डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय. परवा पुस्तक घेऊन दारात आली. चित्रात हाड होतं, पांढरंशुभ्र, बगळ्यासारखं. मी म्हटलं, "बाई गं, जित्या माणसाचं हाड असं नसतं. ओल्या शेंगेतल्या दाण्यासारखं असतं, किंचित गुलाबी, ओलसर." ती विचारात पडली आणि म्हणाली, "मावशी, पण ते परीक्षेत येत नाही ना." मी तिला लाडू दिला आणि दार लावून घेतलं.

माझी सगळी हयात हाडांच्या थिएटरात गेली. सर्जनच्या समोर उभं राहायचं आणि त्यानं हात पुढं केला की त्यात नेमकं ते हत्यार ठेवायचं. नाव घ्यायला लागलं तर आपलं चुकलं. बघणाऱ्याला वाटावं सुताराची पेटी उघडली: छिन्नी, हातोडी, कानस, करवत. तारेचीही एक करवत असते, पीळ दिलेली, दोन्ही टोकांना कड्या, हाडाखालून घालून आळीपाळीनं ओढायची. तिचा वास मला अजून येतो. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं साळतात तेव्हा असतो तसा. पण माझा जीव होता निबलरवर. निबलर म्हणजे लांब दांड्यांचा अडकित्ता, फक्त तोंडाला दोन बारक्या वाट्या. तो हाड तोडत नाही, कुरतडतो. टोकदार राहिलेली कड कण कण करून उतरवायची असली की तोच लागतो. प्रत्येक चाव्यानंतर सर्जन त्याचं तोंड माझ्यापुढं धरणार, आणि मी ओल्या गॉजनं त्यातला कण पुसून घेणार. त्यामुळं निबलरनं काढलेलं हाड, कोणाचंही असो, माझ्या बोटांतून जायचं. पुढची सगळी गोष्ट त्यामुळंच घडली.

त्र्याण्णव साली लोक गणपती बोळवून झोपले आणि पहाटे जमीन हलली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, मी काय सांगू. मला आठवतं ते आमच्या लातूरच्या दवाखान्याचं अंगण. रोगी स्लॅबखाली यायलाच तयार नाहीत. "मरू पन छताखाली न्हाई येनार," म्हणून बसलेले. शेवटी खाटा बाहेर काढल्या, लिंबाच्या झाडाखाली, ताडपत्री बांधून. पाऊस आला की आम्ही खाटा ओढायचो, उघडला की परत सरकवायचो. ट्रक गेला तरी लोक उठून बसायचे. वीज धड नाही, म्हणून सगळं काम हातानं. हत्यारं उकळून काढायची, पुसायची, परत उकळायची. हाडं कापणारी माणसं बोलत नाहीत, असं मला तेव्हा कळलं. जेवतानासुद्धा कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

त्या खाटांपैकी एक इंदरबाईची. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातली, नवरा आधीच गेलेला. तिचा डावा पाय गुडघ्याच्या खाली मदतीच्या तंबूतच काढला होता, घाईत, जीव वाचवायला म्हणून. तिची लेक सुमन तिच्याच घरात, तिच्याच शेजारी होती. ती राहिली नाही. अशा घाईच्या पायाचं टोक उघडं ठेवतात आणि आठवड्याभरानं परत थिएटरात घेतात. हाडाची कड उतरवायची, घासून गुळगुळीत करायची, मग त्यावर मांस आणि कातडी ओढून शिवायचं. नाही केलं तर पुढं कृत्रिम पाय बसत नाही. इंदरबाईला हे मी समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ते उतरवलेलं हाड कुटं टाकता?"

"टाकत नाही, पुरतात."

"तू नांदेडची ना? नवमीला जानार म्हनं."

मी जाणारच होते. माझी आई नवरा असताना गेली, मी शाळेत असताना. तशा बायांचं पान अविधवा नवमीला वाढतात. वडील नांदेडला एकटे. एका दिवसाची रजा मी त्या गोंधळातही मागून घेतली होती.

"मंग माझं हाड घिऊन जा," इंदरबाई म्हणाली. "गंगंत सोड. सुमनच्या नावानं."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. त्या दिवसांत ते नवल नव्हतं. पण ती शांत होती. ताडपत्रीतून पाणी ठिबकत होतं ते हातानं निपटून काढत ती सांगत राहिली. सुमनला सगळ्यांबरोबर एकाच ढिगावर जाळलं. तिसऱ्याला राख कोणी सावडली नाही. "सावडून तरी कुनाची सावडनार, समद्यांची एकच राख झाल्याली." सुमनचं सासर धर्माबादेकडचं. त्यांनी पिठाचा पुतळा करून विधी उरकले. "त्यांचं झालं. बाईमानसाला आन् त्यातनं लेकीच्या आईला कोन इचारतंय? माझं राहिलं." मग म्हणाली, "लक्षुम्या झाल्या तवाच निघाली व्हती पोरगी. पिशवी भरून. मीच म्हनलं, गनपती बोळवून जा."

मी आपलं शहाणपण काढलं. म्हटलं, "इंदरबाई, हाड तुमचं आहे. तिचं कसं होईल?"

"ती कुनाच्या हाडामासाची व्हती मंग? बाजारातनं आनली व्हती का?"

सुमनचा दहावा नेमका नवमीलाच येत होता. ऑपरेशन त्याच्या आधी होतं. तिनं सगळा हिशोब खाटेवर पडल्या पडल्या जुळवून ठेवला होता.

आमचे सर्जन सर मुदखेडचे, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा. सगळ्या नर्सेसना बाई म्हणायचे. हात धुताना मी त्यांच्या कानावर घातलं. ते फणकारले. "बाई, हा दवाखाना आहे का घाट? उद्या सगळे मागतील. कोणाकोणाला हाडं वाटायची?" खरं होतं ते. अंगणात झाडाखाली किती जणी तशा होत्या. हात धुवून होईपर्यंत त्यांची मान खालीच होती.

इंदरबाईला कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळं ती जागी होती. मध्ये हिरवा पडदा. आधी करवत चालली. मग सरांनी हात पुढं केला, मी निबलर दिला. एक कण, माझ्या गॉजवर. दुसरा कण. पडद्याच्या पलीकडून आवाज आला, "सायेब, निगालं का?"

"निघतंय, मावशी."

"तोडायलाच लागलाव तर जरा मोटं घ्या. चुऱ्यानं काय व्हतंय? गंगंत दिसाया तर पायजे."

सर थांबले. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं, बाकीचा चेहरा झाकलेला. मग अगदी हळू, समजूत काढल्यासारखं ते म्हणाले, "मावशी, लागंल तेवढंच घेणार. एक कणही जास्ती नाही. तुम्हाला चालायचंय अजून."

"मला कुटं जायाचंय चालून?"

सरांनी कानस मागितली. हाड घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, एरवी लागतो त्याच्याहून जास्त वेळ. करवतीनं उतरवलेली चकती, बांगडीच्या तुकड्याएवढी, त्यांनी बादलीत टाकली नाही. ती चिमट्यानं उचलून माझ्या वाडग्यात ठेवली, कणांच्या शेजारी. टाके संपल्यावर हातमोजे काढताना पाठ करून म्हणाले, "वाडगं स्वच्छ करा, बाई. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला सांगू नका."

मी ते धुतलं, वाळवलं. इंदरबाईनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून दिला, त्यात बांधलं. अस्थी नेणाऱ्यानं वाटेत खाली ठेवायच्या नसतात, हे मला ऐकून माहीत होतं. नांदेडपर्यंत एस.टी.त मी ती पुरचुंडी मांडीवर दोन्ही हातांत धरून बसले. रस्त्यानं सगळीकडं पत्र्याची शेडं, धान्याच्या गाड्या, कपड्यांच्या गाड्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "परसाद हाय का?" मी नुसती मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही.

अस्थी घरातही नेत नाहीत. दाराशी शेवग्याचं झाड होतं, त्याच्या फांदीला पुरचुंडी अडकवली आणि आत गेले. वडील शाळामास्तर, सगळं सोवळंओवळं पाळणारे. झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. कट्, कट्. मला तो आवाज सहन होईना. म्हटलं, "बाबा, ते बंद करा ना." त्यांनी माझ्याकडं बघितलं, अडकित्ता बाजूला ठेवला. मग उठून बाहेर गेले, झाडाकडं त्यांची नजर गेली. लुगड्याचा काठ, गाठ मारलेला, उंचावर टांगलेला. ओळखायला काय लागतं? आत येऊन इतकंच विचारलं, "कोणाच्या?"

मी सांगितलं. मला वाटलं आता गोंधळ होणार. जिवंत बाईचं हाड, परक्या जातकुळीचं, आणि नेणारी कोण तर बिनलग्नाची मुलगी. वडिलांनी देवघरातून तीळ आणि तांब्या काढून दारातल्या कोनाड्यात ठेवला. "सकाळी लवकर निघू," म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कधी सुपारी कातरली नाही.

इंदरबाई नंतर दरवर्षी नवमीला लातूरला माझ्याकडं यायची. कृत्रिम पाय टक टक वाजवत जिना चढायची आणि दारातूनच ओरडायची, "वडे तळलेस का?" भरड्याचे वडे, गवारीची भाजी, खीर. दोन पानं पितरांची, एक माझ्या आईचं, एक सुमनचं. मग आम्ही दोघी जेवायला. एकदाही माझ्या हातचं तिला धड आवडलं नाही. "मीठ न्हाई भाजीत. दवाखान्यात ऱ्हाऊन ऱ्हाऊन तुझ्या हाताची चव मेली." जेवण झालं की पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायची आणि टोकावरून हात फिरवायची. "लई गुळगुळीत केलंय तुमच्या सायबानं. टोचत न्हाई बग." वर्षभर माझ्या घरात एवढं बोलणारं कोणी नसायचं. वडील गेल्यावर तर नाहीच.

मग एका नवमीला ती आली नाही. वडे वाळून गेले. मला वाटलं, पाऊस असेल, गाडी चुकली असेल. दिवाळीच्या आधी बसस्थानकावर तिचा भाचा भेटला. म्हणाला, "आत्या तर आखाडातच गेली की." दहावा, तेरावा, गोडजेवण, सगळं उरकलेलं. "तुमाला कळवायचं राहिलंच बगा." त्याचं तरी काय चुकलं? मी त्यांची कोण? मी म्हटलं, "असू दे," आणि गाडीत बसले. घरी येऊन रडले मात्र भरपूर, ते कशाला लपवू. तिचं सुतक धरायचा मला हक्क नव्हता, आणि दुसरं कोणाचं धरावं असं माणूस उरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर मला गुडघ्याचं समजावत होते. आता बॅटरीची करवत आहे, साचा लावून मापात कापतात. कडेचे काटे मात्र हातानंच काढायचे, अजून निबलरच. मी विचारलं, "निघालेल्या हाडाचं काय करता?" म्हणाले, "पिवळ्या पिशवीत जातं, मॅडम, जाळायला. तुम्हाला काय सांगायचं." नियम मला माहीत आहे, या पोराच्या जन्माआधीपासून थिएटरात होते मी. तरी म्हटलं, "थोडं मला मिळेल का?" ते हसले. "कशाला? आठवण म्हणून?" मी म्हटलं, "हो, आठवण म्हणूनच." ते म्हणाले, "नाही हो जमायचं." आणि विषय संपला. इंदरबाईच्या नावानं गंगेत काहीतरी सोडावं असं माझ्या मनात होतं. जाऊ दे. प्रत्येक थिएटरात मुदखेडचे सर नसतात.

भूकंपानंतरच्या त्या नवमीला नांदेडच्या घाटावर गर्दी होती. पाणी चढलेलं, गढूळ, पायऱ्या अर्ध्या बुडालेल्या. वडील वरच्या पायरीवर छत्री घेऊन थांबले, खाली मी एकटी उतरले. गुरुजी घाईत होते. मयताचं नाव विचारलं, सांगितलं. गोत्र माहीत नव्हतं, त्यांनी कश्यप धरलं. मग विचारलं, "पुरुषमाणूस कोणी नाही?"

"नाही."

"तुम्ही मयताच्या कोण?"

मला भावंड नाही. माझ्यानंतर घरात दुसरं मूल झालं नाही. सुमनला मी बघितलंही नव्हतं, तिचा फोटोसुद्धा ढिगाऱ्यात गेलेला. पण हातात तिच्या आईचं हाड होतं, आणि ते ज्याच्या हातात असतं तो परका कसा असेल?

"बहीण," मी म्हटलं.

पुरचुंडी सोडली. चकती दिसली का म्हणाल तर नाही दिसली. गढूळ पाण्यानं लगेच घेतली. वर आले तेव्हा कळलं, वडिलांनी सगळं ऐकलंय. त्यांची मी एकुलती एक. मला वाटलं काहीतरी म्हणतील. अर्ध्या रस्त्यापर्यंत ते छत्री माझ्यावर धरून चालत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईच्या शेजारी एक पान जास्तीचं मांडू. मुलीचं असू दे."

लातूरला परत आले तर इंदरबाई खाटेवर उठून बसलेली, वाट बघत. नदीबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. "कोनी इचारलं का, तू तिची कोन?"

"विचारलं."

"मंग?"

मी सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, बघतच राहिली. मग दोन्ही हात टेकून, उरलेला पाय आवरून, खाटेवर बाजूला सरकली. "उबी कामून? बस," म्हणाली. "भाकर खाल्लीस का सकाळधरनं?" त्या खाटेवर बसून मी अर्धी भाकरी खाल्ली, लिंबाच्या झाडाखाली, सगळ्यांसमोर.

काल नवमी झाली. तीन पानं मांडली, आईचं, सुमनचं आणि इंदरबाईचं; ती काही सवाष्ण गेली नव्हती, पण यायची ती नवमीलाच. एक वडा प्राचीला नेऊन दिला, ती हाडं म्हणतच होती. आज दवाखान्यात दाखल झाले. उद्या सकाळी ऑपरेशन. नोंदणीच्या खिडकीतल्या पोरीनं मोबाइल बाजूला ठेवून सगळं विचारून घेतलं. वय, गाव, औषधं, दात खरे की खोटे.

"जवळचं नातेवाईक कोण, मॅडम?"

"बहीण."

"नाव?"

"सुमन."

"मोबाइल नंबर सांगा."

"नंबर नाही."

पोरगी थांबली. चांगली आहे, कावली नाही. म्हणाली, "असं कसं, मॅडम? काही झालं तर त्यांना कळायला पाहिजे ना?"

मी म्हटलं, "काही झालं तर तिला कळेल."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि नंबरची जागा रिकामी ठेवून नाव लिहून घेतलं.